घरून व्यवसाय: नोंदणी आणि परवान्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (महाराष्ट्र)

घरच्या स्वयंपाकघरातून, शिलाई मशीनवरून किंवा लॅपटॉपवरून व्यवसाय सुरू करणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या एकट्या मालकाच्या व्यवसायाला धरून आहेत. भागीदारी किंवा कंपनी असेल तर काही तपशील बदलतात. एकाच मुद्द्यावर दोनदा लिहिण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरून व्यवसाय करायला एकूण किती परवाने लागतात? एकच ठरलेली यादी नाही का?

एकच यादी नाही, आणि जो सगळ्यांना एकच "पॅकेज" विकतो त्याच्यापासून लांब राहा. चार प्रश्न वेगवेगळे विचारायचे. व्यवसाय सुरू आहे हे सरकारला कळवलं का? (शॉप अ‍ॅक्ट, उद्यम: प्रश्न २ ते ५.) कोणता कर लागू होतो? (व्यवसाय कर, जीएसटी: प्रश्न ६ ते ९.) तुम्ही जी वस्तू बनवता तिला स्वतंत्र कायदा आहे का? (खाद्यपदार्थ, साबण, खेळणी: प्रश्न १० ते १४.) आणि ही जागा त्या कामासाठी वापरता येते का? (सोसायटी, भाडेकरार, वीज, महापालिका: प्रश्न १५ ते १९.)

घरी बसून भाषांतर करणाऱ्याचं काम शॉप अ‍ॅक्टची सूचना आणि व्यवसाय कर एवढ्यावर भागतं. फराळ करून पाकिटात विकणाऱ्या बाईंना त्याशिवाय अन्न नोंदणी, वजनकाट्याचं मुद्रांकन (सरकारी पडताळणीचा शिक्का) आणि पाकिटावरच्या मजकुराचे नियम पाळावे लागतात. सगळ्यात जास्त अडचण येते ती चौथ्या प्रश्नाची, कारण तो शेवटी विचारला जातो. तो आधी विचारा.

२. गुमास्ता, शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम हे एकच आहे का?

गुमास्ता आणि शॉप अ‍ॅक्ट एकच. मुंबईकडे गुमास्ता म्हणतात, इतरत्र शॉप अ‍ॅक्ट. हा राज्याचा कायदा आहे: महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे आणि त्याने १९४८ चा जुना कायदा रद्द केला.

उद्यम ही केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची नोंदणी आहे. ती १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी आली. दोन्हींचे उपयोग वेगळे आहेत आणि एक काढलं म्हणून दुसरं झालं असं होत नाही. दोन्हींपैकी एकही कागद "इथे हा धंदा करायला परवानगी आहे" असं सांगत नाही.

३. माझ्याकडे एकही कामगार नाही. तरी शॉप अ‍ॅक्ट लागतो का? कसा काढायचा?

२०१७ च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला परवाना घ्यायचा नसतो, फक्त सूचना द्यायची असते. (२०२५ साली ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. घरगुती व्यवसाय दोन्ही आकड्यांच्या खालीच असतो, त्यामुळे तुम्हाला फरक पडत नाही.) सूचना व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत द्यायची असते आणि तिची ऑनलाइन पावती मिळते. लोक तिलाच "शॉप अ‍ॅक्ट लायसन्स" म्हणतात.

"आपले सरकार" पोर्टलवर कामगार विभागाच्या सेवांमधून अर्ज करता येतो. ओळखीचा पुरावा, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही आणि नावाच्या मराठी पाटीसह जागेचा फोटो तयार ठेवा. अर्ज भरताना दोन ठिकाणी हमखास चुका होतात. पहिली, व्यवसायाचं स्वरूप फार मोघम लिहिणं. "ट्रेडिंग" लिहिण्याऐवजी "तयार कपड्यांची घरून विक्री व शिलाई" असं लिहा, कारण बँक तेच वाचते. दुसरी, पत्त्याचा मेळ न बसणं. आधारवर एक पत्ता, वीजबिलावर दुसरा आणि अर्जात तिसरा असेल तर पुढे जीएसटी आणि बँक दोन्हीकडे अडतं. फ्लॅट क्रमांक, इमारतीचं नाव, पिनकोड सगळीकडे अक्षरशः सारखे ठेवा.

पावती तुम्ही दिलेल्या माहितीवर निघते. कोणी जागा पाहायला येत नाही, म्हणूनच ती जागेच्या वापराचा पुरावा ठरत नाही. सोसायटी किंवा महापालिकेपुढे ती दाखवून उपयोग नाही.

४. घराच्या दाराला पाटी लावणं सक्तीचं आहे का? ती मराठीतच हवी का?

पाटी लावली तर ती मराठीत, देवनागरी लिपीत हवीच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांनाही लागू झाला. दुसऱ्या भाषेत नाव लिहिता येतं, पण मराठी अक्षरं त्यापेक्षा लहान चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं होतं.

घरगुती व्यवसायात दाराच्या आत किंवा दारावर लावलेला छोटा छापील फलक पुरेसा ठरतो. जिन्यात, लिफ्टजवळ किंवा इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लावू नका. ती सामाईक जागा आहे आणि सोसायटीशी निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात (प्रश्न १५).

५. उद्यम काढून मला काय मिळतं? एका साइटने त्यासाठी पैसे मागितले.

उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे आणि तिला नूतनीकरण नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता "जीओव्ही डॉट इन"ने संपतो. पैसे मागणारं संकेतस्थळ हे फार तर अर्ज भरून देणाऱ्याचं दुकान असतं, तिथे आधारचा ओटीपी देऊ नका. आधार आणि पॅन लागतो. बाकी माहिती स्वघोषित असते.

१ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असेल तर उद्योग "सूक्ष्म" धरला जातो. त्यामुळे घरगुती व्यवसाय जवळपास नेहमी याच गटात बसतो.

सगळ्यात कामाचा पण सगळ्यात कमी वापरला जाणारा फायदा थकलेल्या बिलांचा आहे. तुम्ही वस्तू बनवणारे किंवा सेवा देणारे सूक्ष्म अथवा लघु उद्योजक असाल, तर ग्राहक कंपनीने लेखी करार नसेल तेव्हा १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. म्हणून उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. बिल दिल्यावर नोंदणी करून मागचे पैसे या तरतुदीने वसूल करणं अवघड जातं, तेव्हा हे काम पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या आधी उरका.

फक्त खरेदी-विक्री करणाऱ्यांनाही जुलै २०२१ पासून उद्यम मिळतं, पण ते प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. थकबाकीच्या तरतुदीवर त्यांनी विसंबू नये.

६. मी महिला आहे. महिलांना व्यवसाय कर माफ आहे ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर लागत नाही. ही सूट पगारदार महिलांना आहे. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या महिलेला पुरुषाप्रमाणेच वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात.

त्यासाठी महाराष्ट्राच्या वस्तू व सेवा कर विभागाच्या संकेतस्थळावर नाव दाखल करायचं असतं. त्या क्रमांकाला पीटीईसी म्हणतात. कर लागू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा आणि पुढे दरवर्षी ३० जूनपूर्वी भरणा करायचा. वयाची ६५ वर्षं ओलांडलेल्यांना सूट आहे.

दुसरा क्रमांक पीटीआरसी. तो तुम्ही कोणाला पगार देता तेव्हा लागतो (प्रश्न २०). दोन्ही एकदम काढून देतो असं कोणी म्हणालं तर थांबा. कर्मचारी नसताना पीटीआरसी घेतला की विनाकारण विवरणपत्रं भरण्याचं ओझं मागे लागतं.

७. मी नोकरी करतो आणि संध्याकाळी घरून काम घेतो. व्यवसाय कर दोनदा भरायचा का?

नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका व्यक्तीवर हा कर वर्षाला २,५०० रुपयांच्या वर लावता येत नाही. पगारातून पूर्ण रक्कम कापली जात असेल तर त्याच्या पगारपावत्या जपून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेमणूकपत्र वाचा. बऱ्याच खासगी कंपन्यांत दुसरा व्यवसाय करण्याआधी लेखी परवानगी घ्यायची अट असते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही, आणि कुटुंबातल्या कोणाचा व्यवसाय असेल तर तेही शासनाला कळवावं लागतं. "बायकोच्या नावावर घेतलं की झालं" हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे.

८. जीएसटी नेमका कधी लागतो?

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर, आणि सेवा देत असाल तर २० लाखांच्या वर गेल्यावर. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. नोंदणीला शुल्क नाही.

आकडे सगळ्यांना पाठ असतात. चूक होते ती त्यांच्या अर्थात. पहिलं, उलाढाल पॅनवर मोजतात. एका पॅनवर शिलाईकाम आणि मसाले दोन्ही असतील तर दोन्हींची बेरीज धरतात आणि करमुक्त मालही त्यात येतो. दुसरं, वस्तूंसोबत सेवा देऊ लागलात की ४० लाखांची मर्यादा गेली, २० लाखांची लागू झाली. गिऱ्हाइकाच्या कापडावर शिवून दिलं तर ती सेवा आहे. स्वतःच्या कापडाचा ड्रेस शिवून विकला तर ती वस्तू. तिसरं, घरगुती जेवणाचे डबे आणि केटरिंग या कायद्यात सेवा धरल्या जातात, पण पाकिटबंद पापड-लोणचं ही वस्तू आहे. डबेवाल्या ताईंनी ४० लाख धरून निश्चिंत राहू नये.

आइस्क्रीम, पानमसाला आणि तंबाखूजन्य पदार्थ बनवणाऱ्यांना ४० लाखांची सवलत नाही. घरी आइस्क्रीम करणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

९. मी ऑनलाइन विकते आणि पार्सल राज्याबाहेर जातं. उलाढाल चार-पाच लाखच आहे. जीएसटी लागेल का?

वस्तू राज्याबाहेर विकली तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन बेळगाव किंवा इंदूरला कुरिअर करणं हे यातच येतं. अधिसूचित हस्तकला वस्तूंना यात सूट आहे, ती मर्यादेपर्यंतच आणि वस्तूचं नाव त्या यादीत असेल तरच. सेवांचं गणित सोपं आहे. २० लाखांपर्यंत दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाला सेवा दिली तरी नोंदणी लागत नाही, म्हणून घरून डिझाइन किंवा भाषांतर करणाऱ्यांनी घाबरू नये.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचं असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या विक्रेत्याला नोंदणीशिवायही वस्तू विकता येतात. त्यासाठी विक्री राज्यांतर्गतच हवी आणि जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यायला हवा.

जेवण पोहोचवणाऱ्या अ‍ॅपवरून घरचं जेवण विकत असाल तर १ जानेवारी २०२२ पासून त्या विक्रीवरचा कर अ‍ॅप कंपनी भरते. माल परदेशी पाठवणार असाल तर निर्यात ही राज्याबाहेरची विक्रीच मानली जाते. जीएसटी लागतो आणि आयात-निर्यात कोडही घ्यावा लागतो. कोडचं शुल्क ५०० रुपये आहे आणि त्यातली माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावी लागते, बदल नसला तरी. ते राहिलं की कोड निष्क्रिय होतो आणि माल कस्टममध्ये अडकून पडतो.

१०. फक्त ओळखीच्यांना दिवाळीचा फराळ विकते. अन्न नोंदणी तरी लागते का?

लागते. पैसे घेऊन खाद्यपदार्थ दिला की तो अन्न व्यवसाय झाला, मग गिऱ्हाईक शेजारचं असो वा अनोळखी. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ आणि त्याखालची २०११ ची नियमावली लागू होते. त्या नियमावलीने छोट्या उत्पादकासाठी वर्षाला १२ लाखांची उलाढाल ही सीमा घातली आणि तिच्या आत परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली. शुल्क वर्षाला १०० रुपये. सीमेचे आकडे दुरुस्तीने बदलू शकतात, म्हणून पैसे भरण्याआधी फॉसकॉस या अन्न नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर आपली उलाढाल टाकून पाहा. नोंदणी की परवाना हे तिथेच दिसतं.

फॉसकॉसवर महाराष्ट्र निवडा, व्यवसायाच्या प्रकारात घरगुती डबे किंवा छोटा उत्पादक यांपैकी योग्य तो निवडा, फोटो आणि ओळखपत्र जोडा, शुल्क भरा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. २०११ च्या नियमावलीनुसार अधिकाऱ्याने ७ दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची असते. तपासणी काढली तर ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

अर्ज परत येतात ते बहुतेक तीन कारणांनी: ओळखपत्रावरचा पत्ता स्वयंपाकघराच्या पत्त्यापेक्षा वेगळा आणि जोडपुरावा नाही, पदार्थांचा गट चुकीचा, किंवा गरज नसताना राज्य परवाना निवडलेला. शेवटच्या चुकीत शुल्क हजारांत जातं. क्रमांक १४ अंकी असतो आणि तो बिलावर तसंच पाकिटावर छापायचा असतो.

११. तपासणीला आले तर घरच्या स्वयंपाकघरात काय बघतात?

वेगळं स्वयंपाकघर बांधायची अट छोट्या नोंदणीला नाही. पाणी पिण्याजोगं आहे का, कचऱ्याचा डबा झाकलेला आहे का, कच्चा माल जमिनीपासून उचलून ठेवला आहे का, झुरळं-उंदरांचा बंदोबस्त आहे का, करणाऱ्याला संसर्गजन्य आजार नाही ना, हे पाहतात. बोअरवेलचं पाणी असेल तर त्याचा प्रयोगशाळेतला तपासणी अहवाल आधीच करून ठेवा. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरलेलं काळं दिसलं तर तिथे नक्की बोट ठेवलं जातं.

नोंदणी जागेची असते, माणसाची नव्हे. घर बदललं, किंवा दिवाळीत बहिणीच्या स्वयंपाकघरात अर्धा माल करून घेतला, तर त्या जागेची वेगळी नोंद लागते. नवा पदार्थगट वाढवला (चिवड्यासोबत तूप विकायला लागलात) तर त्याच नोंदणीत बदल करून घ्या.

१२. पाकिटावर काय काय छापायचं? साध्या पिशवीत बांधून दिलं तर चालतं का?

गिऱ्हाइकासमोर वजन करून बांधून दिलं तर ते "आधी बांधलेलं पाकीट" ठरत नाही. आधीच पाव किलोच्या पिशव्या भरून ठेवल्या की दोन कायदे एकत्र लागू होतात.

अन्न कायद्याखाली पदार्थाचं नाव, घटक (जो जास्त तो आधी), शाकाहाराची हिरवी किंवा मांसाहाराची तपकिरी खूण, शेंगदाणे, गहू, दूध यांसारख्या त्रासदायक घटकांची सूचना, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि वापराची अंतिम तारीख, नाव-पत्ता, एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि क्रमांक. शाकाहाराची खूण म्हणजे चौकटीत भरीव गोल. मांसाहारासाठी चौकटीत भरीव त्रिकोण. जुन्या नमुन्यांत मांसाहारालाही गोलच दिसतो, तो कॉपी करू नका.

वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांखाली निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. शिवाय पाकिटं भरायला लागल्यापासून ९० दिवसांत वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे पॅकर म्हणून नोंद करायची, शुल्क ५०० रुपये. साबण, मेणबत्त्या, वाती यांच्या पाकिटांनाही हे लागू आहे. फक्त खाद्यपदार्थांना असतं असं समजू नका.

१३. घरातला डिजिटल काटा विक्रीसाठी वापरला तर?

स्वयंपाकघरातले स्वस्त काटे व्यापारासाठी मान्य नसतात, त्यांवर मुद्रांकनच होत नाही. मान्यताप्राप्त मॉडेलचा काटा घ्या. विकत घेताना पडताळणीचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्या. मोजून (नगावर) विकणाऱ्यांना काट्याचा प्रश्न येत नाही. मोदक, पुरणपोळी डझनावर विकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१४. घरी साबण, उटणं, केसांचं तेल करते. लोकरीची बाहुली-खेळणी विणते. यांना वेगळा परवाना आहे का?

इथे पुष्कळ जण नकळत कायद्याबाहेर जातात, म्हणून स्पष्ट सांगतो. अंगाला लावायचा साबण, उटणं, लेप, लिप बाम ही सौंदर्यप्रसाधनं आहेत. सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार ती विक्रीसाठी बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. त्यासाठी स्वतंत्र जागा, ठरावीक व्यवस्था आणि पात्र तांत्रिक माणूस दाखवावा लागतो. राहत्या स्वयंपाकघराला तो मिळत नाही. "हँडमेड" किंवा "नैसर्गिक" लिहिल्याने सूट मिळत नाही. "केस गळती थांबते", "मुरुमं बरी होतात" असं लिहिलं तर प्रकरण औषधाच्या कायद्यात जातं, जे आणखी कठोर आहे. व्यवहार्य वाट म्हणजे परवानाधारक कारखान्याकडून आपल्या कृतीने माल करून घेणं आणि लेबलवर उत्पादक म्हणून त्याचं, विक्रेता म्हणून आपलं नाव छापणं. कपडे-भांडी धुण्याचे साबण या व्याख्येत येत नाहीत.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाची सक्ती आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलांसाठीचं विणलेलं खेळणंही त्यात येतं. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या मालाला यातून सूट आहे. क्रोशाकाम करणाऱ्यांनी आधी ते कारागीर ओळखपत्र काढावं. कीचेन, तोरण, शोभेच्या वस्तू खेळणी म्हणून विकल्या नाहीत तर हा प्रश्न येत नाही.

१५. सोसायटी म्हणते, फ्लॅटमध्ये धंदा चालणार नाही. त्यांना तो अधिकार आहे का?

सरकारी परवाना देणं किंवा रद्द करणं सोसायटीच्या हातात नाही. पण उपविधींनुसार (सोसायटीच्या स्वतःच्या नियमांनुसार) सदनिकेचा वापर राहण्यासाठीच व्हावा आणि इतरांना उपद्रव होऊ नये असं ती म्हणू शकते. शांतपणे चालणारं लॅपटॉपवरचं काम आणि दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा असलेलं पार्लर यांना ती एकच माप लावत असेल तर तसं लेखी विचारा.

सेक्रेटरींना आधीच एक साधं पत्र द्या: काय काम, कोणत्या वेळेत, दिवसाला साधारण किती कुरिअर किंवा ग्राहक, सामाईक जागेत पाटी-सामान ठेवणार नाही, ज्वालाग्राही साठा नाही. ना हरकत दाखला मिळाला तर तो व्यवस्थापक समितीच्या ठरावाच्या तारखेसह घ्या. नुसत्या सेक्रेटरीच्या सहीचा कागद समिती बदलली की कोणी मानत नाही. वाद मिटलाच नाही तर तो सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो, आणि तिथे वर्षं जातात. त्यापेक्षा वेळा आणि पार्किंगवर तडजोड परवडते.

१६. घर भाड्याचं आहे. मालकाला सांगावं लागेल का?

हो. लिव्ह अँड लायसन्स करारात "फक्त राहण्यासाठी" अशी अट जवळपास नेहमी असते. ती मोडली तर मालक करार संपवू शकतो. जीएसटी अर्जाला मालकाचं संमतीपत्र आणि त्याच्या नावाचं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती लागतेच, त्यामुळे लपवून फार काळ चालत नाही. नवा करार करतानाच "राहण्यासोबत घरगुती स्वरूपाचा अमुक व्यवसाय" एवढी ओळ घालून करार नोंदवा. घर आई-वडिलांच्या नावावर असलं तरी जीएसटीला त्यांचं संमतीपत्र लागतं.

१७. घरचंच मीटर वापरलं तर महावितरण दंड लावेल का?

याचं उत्तर बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकानुसार घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दरच लागू राहतो, जर वापर महिना ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटपर्यंत असेल. हा वापर पूर्ण मीटरचा, म्हणजे घर आणि व्यवसाय मिळून. वर्षअखेर तपासतात. ३,६०० च्या वर गेलात की ही सवलत संपते. वकील, डॉक्टर, सीए यांच्यासारख्या व्यावसायिकांनी राहत्या घरात केलेल्या कामालाही घरगुती दरात वेगळी जागा आहे.

ओव्हन, डीप फ्रीजर किंवा औद्योगिक शिलाई मशीन घेतलं की आकडा पटकन ओलांडतो. तेव्हा व्यवसायासाठी वेगळं मीटर घ्या. न घेता चालू ठेवलं आणि तपासणीत सापडलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते आणि कालावधी ठरवता आला नाही तर मागचे १२ महिने धरतात.

गॅसचंही इथेच सांगून टाकतो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर डबे किंवा केटरिंगसाठी वापरणं नियमबाह्य आहे. १९ किलोची व्यावसायिक जोडणी घ्या.

१८. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा वेगळा परवाना लागतो का?

कामावर अवलंबून आहे. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३९४ आणि इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याचं कलम ३७६ काही धंद्यांना आणि साठ्यांना महापालिकेचा परवाना सक्तीचा करतं. बसून खायची सोय, पिठाची गिरणी, ज्वालाग्राही पदार्थ यांबाबत वॉर्ड ऑफिसच्या परवाना विभागात विचारूनच पुढे जा. लॅपटॉपवरचं काम, शिकवणी, हाताचं विणकाम यांना सहसा वेगळा परवाना मागत नाहीत.

ग्रामपंचायत हद्दीत बँक किंवा योजनेच्या अर्जाला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मागतात. अर्जासोबत घराचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती जोडा.

१९. निवासी झोनमध्ये व्यवसाय करता येतो का मुळात?

येतो, मर्यादेत. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (२०२०) निवासी भागात "परंपरागत घरगुती व्यवसाय" मान्य आहेत: घरातल्या माणसांनी, पगारी मजूर न ठेवता, शिलाई-भरतकामासारखी कामं, आणि यंत्र वापरलं तर ठरलेल्या छोट्या वीजभारापर्यंत. मुंबईला स्वतःची वेगळी नियमावली आहे. म्हणजे दोन बायकांना पगारावर बसवलं की नगररचनेच्या नजरेत ते घरगुती काम राहत नाही. घराचा भाग उघडपणे व्यवसायाला दिला तर मालमत्ता करही बिगरनिवासी दराने लागू शकतो.

२०. मदतीला एक-दोघींना ठेवलं तर काय वाढतं?

जागेचा मुद्दा वर आला (प्रश्न १९). कराच्या बाजूने, पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिना ७,५०० च्या वर किंवा महिलेचा २५,००० च्या वर असेल तर पीटीआरसी घेऊन पगारातून कर कापावा लागतो. त्या खाली असेल तर नाही. भविष्य निर्वाह निधी २० कर्मचाऱ्यांपासून लागतो. हजेरी आणि पगाराची सही घेतलेली वही पहिल्या दिवसापासून ठेवा. काम सोडून गेलेल्या बाईने थकीत मजुरीची तक्रार केली की तेवढाच पुरावा कामी येतो.

२१. एका नावावर दोन व्यवसाय, किंवा दोन शहरांत काम. नोंदण्या किती?

उद्यम एकच, त्यात कितीही कामं जोडता येतात. जीएसटी एका राज्यात एका पॅनवर एक पुरे, दुसरी जागा "अतिरिक्त जागा" म्हणून जोडा. शॉप अ‍ॅक्ट आणि अन्न नोंदणी मात्र प्रत्येक जागेची वेगळी. व्यवसाय कर माणसाचा, म्हणून एकच.

२२. बँक चालू खातं उघडायला दोन कागद मागते. कोणते द्यावे?

एकल मालकीच्या खात्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे लागतात. बँकेचं समाधान झालं तर एकावरही ती खातं उघडू शकते. शॉप अ‍ॅक्टची पावती आणि उद्यम ही जोडी सगळ्यात सोपी. दोन्हींवर व्यवसायाचं नाव एकसारखं हवं. "श्री साई फूड्स" आणि "साई फूड्स" ही बँकेसाठी दोन वेगळी नावं आहेत.

२३. व्यवसाय बंद केला. आता काही करायचं का?

नक्की करा, कारण बंद पडलेल्या नोंदण्याच पुढे दंड उभा करतात. जीएसटी रद्द केल्याशिवाय सोडला तर शून्य विवरणपत्रालाही रोज २० रुपये विलंब शुल्क चढत राहतं. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरायचं असतं. पीटीईसी रद्द करून घेतला नाही तर दरवर्षी २,५०० रुपये देणं दिसत राहतं. शॉप अ‍ॅक्ट पोर्टलवर बंद केल्याची सूचना द्या, अन्न नोंदणी फॉसकॉसवरून परत करा आणि व्यवसायाचं मीटर बंद करून शेवटचं बिल भरल्याची पावती ठेवा. सगळं एकाच आठवड्यात उरका आणि प्रत्येक पोचपावतीवर तारीख असल्याची खात्री करा.